फोटोतल्या बाईचे डोळे

(चित्रकार नातीच्या कामाच्या खोलीत आजी पहिल्यांदाच आली आहे. उद्या नातीच्या चित्रांचं प्रदर्शन.)

आजी : आधी हे सांग, माझ्या ट्रंकेला हात कुणी लावला?

नात : मी. आईला स्वेटर हवा होता.

आजी : भर उन्हाळ्यात? आणि ट्रंकेला कुलूप होतं.

नात : होतं. ओढलं तर हातात आलं.

आजी : मला खुळ्यात काढू नकोस हं.

नात : बरं बाई, मुद्दाम उघडली. बस ना, त्या स्टुलाला रंग नाही लागलेला.

आजी : बसायला नाही आले. हे भिंतीएवढं चित्र कुणाचं?

नात : तुला माहीत आहे कुणाचं.

आजी : माझी आई अशी नव्हती.

नात : मग कशी होती? पणजीचा घरात एकच फोटो, तोही तुझ्या ट्रंकेत, आणि तू रंगवलेला. फोटो स्टुडिओत हेच काम करायचीस ना, काळ्या-पांढऱ्या फोटोंत रंग भरायचं?

आजी : चार वर्षं. काडीला कापूस गुंडाळून. नवरीच्या ओठांना मालक दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत.

नात : म्हणूनच शंका आली. एवढा साफ हात, आणि डोळ्यांवर मात्र थरावर थर? मी टर्पेंटाइनचा बोळा फिरवला.

आजी : पुसलास?

नात : तपकिरी रंग निघून आला. खालचे डोळे फिके आहेत, आजी. ती आपल्याकडची नव्हती ना?

आजी : कोण बोललं तुझ्याशी? धाकटी मावशी?

नात : कुणी नाही. तेच तर! माझे केस, माझा रंग कुठून आला विचारलं की सगळे मला जेवायला वाढतात.

आजी : उद्या वन्सं येणार आहेत. तुझ्या आजोबांची बहीण! साठ वर्षं त्यांच्यापासून लपवलेलं तू भिंतीवर टांगणार?

नात : आजोबांना ठाऊक होतं?

आजी : त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. स्थळ आलं तेव्हा त्यांच्याकडच्यांनी घरातल्या सगळ्यांचे फोटो मागितले. बोटीतून आलेल्या गोऱ्या बाईची मुलगी कोण करून घेणार होतं? माझे सख्खे काका आमची पायरी चढत नसत.

नात : पण लग्नात तरी पाहिलं असेल की तिला सगळ्यांनी.

आजी : ती आली नव्हती. ताप आहे म्हणून सांगितलं आम्ही.

नात : होता?

आजी : वकीलच व्हायचं होतंस तू.

नात : आजी, होता का ताप?

आजी : नव्हता. घरी बसून राहिली. वर्षाच्या आत गेलीच.

नात : (स्टूल पुढे सरकवते.) आता तरी बस.

आजी : आणि हे निळे डोळे कुठून आणलेस?

नात : अंदाजानं.

आजी : अंदाज? उरलेला सगळा चेहरा हुबेहूब, आणि डोळ्यांपुरता अंदाज? मुद्दाम चुकवलेस. मी बोलावं म्हणून.

नात : थोडंसं.

आजी : लबाड! थेट माझ्यावर गेली आहेस.

नात : तो रंगवलेला फोटो पणजीनं पाहिला होता?

आजी : मीच नेऊन दाखवला. चष्मा लावून कितीतरी वेळ बघत होती. मग म्हणाली, ‘चांगल्या घरातली दिसते बाई.’ आणि परत दिला.

नात : नको असेल तर उतरवते हे. खरंच.

आजी : सर बाजूला. त्या निळ्यात राखाडी घाल. अजून. आता हिरवा, किंचित... किंचित म्हटलं! डाव्या डोळ्यात खाली तांबूस ठिपका होता, राईएवढा. दे तो ब्रश. ठिपका चुकला तर बोलायचं नाही.

नात : नाही बोलत.

आजी : आणि उद्या वन्संना आणायला तू जाऊ नकोस.

नात : का?

आजी : मी जाते. वाटेत सांगते त्यांना.