घड्याळजींचं घड्याळ मागे

मावशी : ते कागद ठेव बाजूला आणि अशी जवळ सरक. एक गोष्ट सांगते, तुझ्याच कामाची.

भाची : गोष्टीला वेळ कुठाय मावशी? उद्या राजीनामा द्यायचाय. नोकरी सोडून एक ॲप काढायचंय. ते मला बनवता येत नाही, बनवणारा म्हणतो सहा महिने रोज सोबत बसावं लागेल.

मावशी : आणि ॲप करणार काय?

भाची : एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना रोज सकाळी विचारणार, बरे आहात ना.

मावशी : कुणाला विचारून पाहिलंस?

भाची : पाच जणांना, रोज स्वतः फोन करून. तिसऱ्या दिवशी तिघांनी उचललाच नाही. एक आजोबा म्हणाले, जिवंत आहे, नसलो तर कळवीन.

मावशी : बरोबर बोलले. अगं, तुझे काका हेच करायचे, दुकानातून. शेजारचा शिंपी गेला आणि दोन दिवस कुणाला पत्ता नाही, ते त्यांच्या जिवाला लागलं. तेव्हापासून दुकान उघडलं की आधी एकट्या राहणाऱ्या सात जणांना फोन. त्यांनाही लोक तुटकच बोलायचे. मग एकदा त्यांनी नुसतं विचारलं, तुमच्या घड्याळात किती वाजले? माझं मागे पडलंय.

भाची : काकांनी? घड्याळजी असून?

मावशी : आणि मागे भिंतभर टिकटिक. पलीकडे स्वच्छ ऐकू जायची. बँकेतून निवृत्त झालेल्या एक बाई म्हणायच्या, घड्याळजी, धंदा बंद करा आता. पण रोज फोनाआधी चष्मा लावून घड्याळासमोर बसायच्या. देवसुद्धा भक्ताच्या दारी काहीतरी मागायलाच येतो गं. मागितलं की माणूस उठून बसतो.

भाची : सगळे उचलायचे?

मावशी : एकही चुकला नाही. ते गेले, त्याच्या दुसऱ्या दिवशी त्या बाईंनी मला फोन केला. म्हणाल्या, किती वाजले हो तुमच्याकडे? मी उठून घड्याळ पाहिलं. आता त्याही नाहीत.

भाची : मग मी काय करू?

मावशी : राजीनामा महिनाभर खिशात ठेव. त्या पाचांकडे काहीतरी माग. महिन्यानंतरही उचलत असतील तर सहीला पेन मी देते.

(दुसऱ्या दिवशी सकाळी, फोनवर.)

भाची : मावशी, किती वाजले गं? माझं घड्याळ मागे पडलंय.

मावशी : थांब हं, चष्मा घेते... सात दहा. आता त्या आजोबांना लाव. आणि ते उचलेपर्यंत तुझ्या काकांना आठव.