चिंचगव्हाणची पिवळी बांगडी

हां, टाळ थांबवा जरा. मृदंग मांडीवरच राहू द्या बुवा, परत लागणार आहे! मंडळी, ऐका. देवाचं नाव घेऊन घसा मोकळा झाला, आता एक प्रश्न विचारतो. दया म्हणजे काय हो? तहानलेल्याला पाणी, भुकेल्याला भाकर — बरोबर! पण समजा, समोरच्याला मदत न करणं हीच दया असेल तर? काय कराल? बघा, माना हलायच्या थांबल्या!

तर मंडळी, चिंचगव्हाण नावाचं एक गाव. नकाशात शोधू नका, माझ्या आख्यानातलं आहे. चाळीस हजार वस्ती, एक तळं, एक पेठ आणि एक नगरपालिका. लगेच नाकं मुरडलीत ना? आपल्याला नगरपालिका आठवते ती गटार तुंबल्यावर! पण ही नगरपालिका जरा वेगळी. हिनं तळ्याभोवती लोकांना चालायला रस्ता केला. फरशी, दिवे, बाकं. नगराध्यक्ष भगवानराव ढोकळे यांनी फीत कापली, भाषण ठोकलं — ‘चाला आणि निरोगी राहा!’ आणि जीपमध्ये बसून घरी गेले. घर किती लांब? हाकेच्या अंतरावर!

लोक चालले का? छे! उन्हाळा लागला तशा बायाबापड्यांनी त्या गुळगुळीत फरशीवर कुरडया वाळत घातल्या!

त्याच गावात पेठेत अनसूयाबाई कासारीण. बांगड्यांचं दुकान. चाळीस वर्षं एका जागी मांडी घालून बसलेली बाई. अख्ख्या गावच्या लेकीसुनांचे हात तिच्या हातातून गेलेले. जत्रा असली की बांगड्यांची पेटी घेऊन गावोगाव फिरायची, आणि त्यातच तिचा जीव. एक दिवस काय झालं, जत्रेतून घरी आली तेव्हा एका पायात चप्पलच नाही! कुठं निसटली, कळलंच नाही. तळपाय बधिर झालेला.

नगरपालिकेच्या दवाखान्यात रेहाना सिस्टर. तिनं रक्त तपासलं. साखर दोनशे ऐंशी! सिस्टर म्हणाली, “मावशी, गोळ्या देते. पण नुसत्या गोळ्यांनी भागायचं नाही. आज चप्पल गेलेली कळली नाही, उद्या खिळा लागलेला कळणार नाही. मग जखम, मग बोट, मग पाय. बूट घाला आणि रोज सकाळी तासभर चाला. तीन महिन्यांनी या.”

अनसूयाबाईनं त्या बधिर तळव्याकडं बघितलं. पाय गेला तर पेटी घेऊन जत्रेला कोण जाणार? तिनं मनाशी ठरवलं — चालायचं!

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊवारी लुगडं, खाली कॅनव्हासचे पांढरे बूट! (हसू नका, पुढच्या रांगेतल्या ताई. तुमच्यावर वेळ आली की कळेल!) निघाली तळ्याकडे. वीस पावलं गेली नाही तोच दूधवाला थांबला. “मावशी, पायी? बसा मागं!”

“नको रे बाबा, मला चालायचंय.”

“रागावलात का? काल दूध पातळ होतं म्हणून?”

आता काय करता! बसली बिचारी. तळ्याशी उतरली, अर्धा फेरा मारला, तोच हेडमास्तर स्कूटर घेऊन हजर. “अनसूयाबाई, घरी सोडतो. तुम्ही चालायचं आणि आम्ही बघत राहायचं? शोभतं का आम्हाला?” सोडलं दारात!

मंडळी, असं रोज! गाव वाईट नव्हतं हो, फार चांगलं होतं! ओळखीचं माणूस पायी दिसलं की ह्यांच्या काळजाला घरं पडायची. तीन महिने अनसूयाबाई रोज चालायला गेली — आणि रोज गाडीवरून आली!

तीन महिन्यांनी परत तपासणी. ‘रोज जाते की चालायला,’ अनसूयाबाई म्हणाली, आणि साखर तीनशेच्या घरात! सिस्टर चिडली. “मावशी, खोटं का बोलता? चालत नाही तुम्ही!”

अनसूयाबाई रडायलाच लागली. “कशी चालू गं? गाव चालू देईना मला!”

सगळी हकिगत ऐकली आणि रेहाना सिस्टर आधी हसली, मग उठली. अनसूयाबाईचा हात धरला आणि तडक नगरपालिकेच्या सभेत! “साहेब,” ती म्हणाली, “ह्या बाईचा पाय जायची वेळ आलीय. तुमच्यापैकी ह्यांना गाडीवरून कुणी सोडलंय?”

 मग एक हात वर झाला. मग दुसरा. मग अकरा! शेवटी भगवानराव खाली मान घालून म्हणाले, “मीपण. दोनदा. जीपमधून.”

एक नगरसेवक म्हणाला, “आम्हाला कसं कळावं, कोण हौसेनं चालतंय आणि कोण नाइलाजानं?”

त्यावर अनसूयाबाईच बोलली. “खूण ठेवा. चालणाऱ्याच्या हातात एक पिवळी बांगडी. हिरवी सवाशिणीची, ती नको. पिवळी कुणालाही चालती — विधवेला, पोरीला, गड्याला. ती दिसली की गाडी थांबवायची न्हाई.”

“गड्याला?” तो नगरसेवक ताडकन उठला. “आम्ही बांगड्या भरायच्या? लोक काय म्हणतील?”

मंडळी, तेव्हा त्या बाईचा आवाज चढला! “चाळीस वरसं बांगड्या भरतेय मी! ज्या हातांत भरल्या, त्या हातांनी नांगरामागं बी पेरलंय, लेकरं जन्माला घातलीत, तुम्हाला जेवू घातलंय. त्यातला दुबळा हात कंचा, दाखवा मला!”

तो नगरसेवक खाली बसला. आणि भगवानराव ढोकळे उठले. बाही सारली. हात पुढं केला.

काय सांगू तो देखावा! नगराध्यक्षांचा हात म्हणजे केवढा! पहिली बांगडी कट्‌कन फुटली. दुसरी फुटली. शिपाई साबण घेऊन आला. अनसूयाबाईनं अंगठा आत दाबला, तळवा मुठीत घेतला, “सैल सोडा मालक,” म्हणाली — आणि तिसरी बांगडी सर्रकन मनगटावर! ठराव एकमतानं मंजूर!

दुसऱ्या दिवशी पहाटे पेठेतून नगराध्यक्ष निघाले. पायी! एका हातात पिवळी बांगडी. शेजारी अनसूयाबाई. दूधवाला आला, सवयीनं ब्रेक दाबला, बांगडी बघितली, आणि पुढं निघून गेला. जाताना त्याचे डोळे भरले होते म्हणतात. आठवड्यात दहा हातांत बांगडी, महिन्यात पाचशे! हेडमास्तर, हमाल, मौलवीसाहेब, भटजीबुवा! कुरडया आपोआप गच्चीवर गेल्या! ह्याला म्हणतात नगरपालिका, मंडळी! रस्ता तर पैसा असला की कुणीही बांधेल. हिनं गावाची सवय बदलली. छाती फुगते की नाही सांगताना?

आणि अनसूयाबाई? परत तीन महिन्यांनी सुई टोचली. एकशे अडतीस! सिस्टरनं आकडा दोनदा वाचला आणि तिला मिठीच मारली. त्या साली अनसूयाबाई चार जत्रांना गेली, पेटी घेऊन, आपल्या दोन पायांवर!

आता तुमच्याकडे वळतो. हसलात, टाळ्या दिल्यात, छान! पण तुमच्या घरात साखरेचं माणूस आहे की नाही? आणि तसलंच दुसऱ्या घरचं माणूस तुमच्याकडे पाहुणं आलं की लाडू पुढं करून, “घ्या हो, एकानं काय होतंय!” हे कोण म्हणतं? मी? तुम्हीच की! प्रेमानंच म्हणता, मान्य आहे. चिंचगव्हाणचं गावही प्रेमानंच त्या बाईचा पाय घालवत होतं.

आज इथं महाप्रसाद आहे. बुंदी आहे, मला वास आलाय! वाढपी मंडळी, नीट ऐका. पानावर कुणी हात आडवा धरला, तर एक शब्द बोलू नका, त्या हाताला मनातल्या मनात नमस्कार करा आणि पुढच्या पानाकडे जा. चला, टाळ उचला, आणि त्या सावळ्याचं नाव घ्या!