दोन फुटांवरचा पाया

जमलेल्या आयाबायांनो, तात्यांनो, सरपंचदादा, मला उभं राहून बोलायची सवय न्हाय. भिवा आबा छातीच्या दुखण्यानं गेले, त्याला आज पाच दिस झाले. रडू यायला पायजे, पर मला भ्याच वाटतंय. का, ते सांगते.

गावाला म्हाईत हाय, भवानीनगरच्या पाव्हण्यांना ठावं नसंल. आबांचा बाप मेंढरं वळायचा, आबांनी गवंड्याची थापी धरली. आपल्या वरकुट्यातली निम्मी घरं त्यांच्या हातची. मी सुनंदा, बालवाडीची बाई. आमची जुनी खोली एका अंगाला भिजल्याला ऊस, दुसऱ्या अंगाला कोरडं रान, अशी व्हती. खाली काळी माती. पाणी प्याली की फुगती, ऊन लागलं की आकसती. भिंतीला तडा जायचा. मी दर वर्साला सिमेंट भरायची, वर चुना मारायची. तडा दिसंना, की माझं भ्याबी जायचं.

एका चैतात आबा सहज आत आले. पुन्यांदा उघडल्याल्या तड्यात हात घातला. मनगटापातूर गेला.

"सुनंदा, पोरं भायेर काढ."

"आबा, उसळ शिजतीया. खाऊन जातील."

"उसळ राहू दे! आत्ता काढ!"

काढली. झाडाखाली मोजली. एक कमी. पुन्यांदा मोजली. एक कमीच. मंगल! ती आतल्या खोलीत निजली व्हती, आन मधलं दार चौकटीत अडकल्यालं. वरनं माती गळत व्हती. मी धावले, तर आबांनी मला मागं ढकललं. म्हणाले, "मलाबी लय भ्या वाटतंय. तू पोरांपाशी थांब."

दाराला खांदा मारल्याचा आवाज आला. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा दार मोडलं. पोरगी काखंत घिऊन आबा झाडापाशी पोचले न पोचले, तर मागं भिंत बसली. धुरळ्यात काय दिसंना. मी पोरं पुन्यांदा मोजली, समदी व्हती.

आबा खाली बसले. म्हणाले, "ह्यो पाया माझ्याच हातचा. दोन फुटांवर थांबलो. खाली काळीच व्हती, मला ठावं व्हतं. ठेकेदार म्हणला, चालतंय. मी गप बसलो."

हेच त्यांनी चावडीवर समद्यांम्होरं सांगितलं. कुणी इचारलं व्हतं का?

नवी खोली त्यांनीच बांधली. मुरूम लागंस्तवर खणलं, छातीएवढं. फरशीखालच्या काळ्या मातीत चुना कालवून धुम्मसानं ठोकलं. भिंतीपाशी पाणी थांबू नये म्हणून भवतीनं उताराची फरशी केली. तरी दर पावसाळ्यात येऊन भिंतीवरनं हात फिरवायचे.

"आबा, आता कशाला भिताय?" मी हसायची.

"भ्या गेलं, की माणूस गप बसतं, सुनंदा."

आता खरं सांगते. काल बावड्याच्या रस्त्याला नव्या सभागृहाच्या पायाचा चर बघितला. तळाला काळी माती हाय. गुडघ्याएवढाच खणलाय, आन वर दगड येऊन पडल्यात. सरपंचदादा, तुमी मान खाली घालू नका. ते सांगणारा माणूस आता न्हाय. माझं कोण ऐकणार?

तरी उद्या सकाळी काम थांबवाय मी तितं जाऊन उभी राहणार हाय. एकटीला भ्या वाटतंय, तुमी या.

आता समदी उठूया, दोन मिनिटं गप राहूया. आबा, राम राम घ्या आमचा.