नुसतं पडायचं

बसच्या रांगेत शिंपीणबाईंच्या मागे पोहण्याच्या तलावावरून आलेल्या, ओल्या केसांच्या नणंद-भावजय उभ्या होत्या.

"वहिनी, अखेर तरंगलात की हो!"

"मास्तर महिनाभर कानीकपाळी ओरडत होते, काही करू नका, नुसत्या पडा."

"मग पडायचं की!"

"वन्सं, जन्मात कधी नुसती पडलेय मी? हातपाय झाडायचे आणि गटांगळ्या खायच्या."

"मग आज काय केलंत?"

"वैतागले. पाण्याला म्हटलं, बुडवायचं तर बुडव, मी बोटसुद्धा हलवणार नाही."

"आणि?"

"आणि त्यानं मला रिकाम्या पातेल्यासारखं वर उचललं! अख्खीच्या अख्खी!"

बस आली. रेटारेटी सुरू झाली. शिंपीणबाईंनी सवयीनं कोपर उगारलं, आणि खाली घेतलं. गर्दीनंच त्यांना अलगद आत नेलं, थेट खिडकीशी.