सुरक्षित अंतर

ट्रकच्या लायसन्ससाठी लागलेल्या रांगेत मध्येच मोकळी जागा दिसली, म्हणून मी तिथे उभा राहिलो. मागे एक नवरा-बायको होते.

"अहो, आणखी एक घुसला."

"घुसू दे."

"पुढे सरका ना. सकाळी खिडकीजवळ होतो, आता दारात आलोय."

"अगं, भरलेला ट्रक जागच्या जागी थांबत नसतो. पुढच्यापासून अंतर ठेवायचं, असं पुस्तकात आहे."

"आणि त्या अंतरात कुणी शिरलं तर?"

"आपण आणखी मागे व्हायचं. तेही पुस्तकात आहे."

"खिडकी एक वाजता बंद होते, हे आहे का पुस्तकात?"

"घाई करू नये, असं आहे."

"मागच्या खेपेलाही घाई न करता हात हलवत घरी आलो."

"पण सुखरूप आलो ना?"

"द्या ती फाइल इकडे."

"कुठे निघालीस?"

"खिडकीपाशी. मला कुठे लायसन्स काढायचंय?"

तिने मला कोपराने बाजूला सारलं आणि ती पुढे गेली.

"अगं, ओव्हरटेक उजवीकडून करतात."