शेंडी उपटलेला नारळ

आमच्या हिचं एक सांगतो. शारजात नवरात्राची अष्टमी होती आणि तिकडे गावाला लेक पहिल्या बाळंतपणाला दवाखान्यात अडली होती. ही म्हणाली, “देवीची ओटी भरते, नारळ आणा.” मी रोल्ला बाजारातल्या मलबारी दुकानदाराकडे गेलो. त्या भल्या माणसानं पिशवीत टाकायच्या आधी नारळाची शेंडीच उपटली!

मी ओरडलो, “अरे, ये क्या किया?”

“साफ किया चाचा. पूजा के लिए है ना?”

दुकानातला तो शेवटचाच. घरी आणला तर ही मटकन खाली बसली. “बिनशेंडीचा नारळ ओटीत घालतात का? माझ्या पोरीचं काही बरंवाईट झालं तर?”

मला रडणं सोसत नाही. मी डोक्यावरची टोपी काढली. “इथं तरी एक केस आहे का? तरी दरसाल ह्याच डोक्यासाठी देवीकडे आयुष्य मागतेस ना?”

ही डोळे पुसत उठली आणि तोच नारळ ओटीत घातला. संध्याकाळी फोन आला, मायलेकरं सुखरूप.

मी म्हणालो, “बघ, चालला की नाही देवीला?”

ही माझ्या टकलाकडे बघत म्हणते, “तिला एकच दिवस चालवून घ्यायचा होता. मला जन्मभर नांदायचंय.”