मागच्या चाकांतली हवा

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष आदरणीय डॉक्टर मॅडम, व्यासपीठावर बसलेले आपल्या वाहन विभागाचे प्रमुख साहेब, सत्कारमूर्ती आणि आपल्या सगळ्यांचे मामा, पहिल्या रांगेत कडेची खुर्ची धरून बसलेल्या आमच्या मामी, फिरत्या शुश्रूषा सेवेतल्या माझ्या सिस्टर मैत्रिणी, ड्रायव्हर बंधू, कार्यशाळेतली मंडळी, आणि चहा झाल्याशिवाय कोणी उठायचं नाही अशी ताकीद मिळालेला कार्यालयातला सर्व वर्ग, आपणा सर्वांना नमस्कार.

मला चार मिनिटं दिलेली आहेत. मी जरा जास्त घेणार आहे. आधीच सांगून टाकते, म्हणजे निवेदकांचे चिठ्ठ्या पाठवण्याचे कष्ट वाचतील.

माझ्याआधी बोललेल्या मान्यवरांनी मामांच्या वक्तशीरपणाचं, साधेपणाचं, मनमिळाऊ स्वभावाचं कौतुक केलं. सगळं खरं आहे, फक्त मनमिळाऊपणाबद्दल कार्यशाळेतल्या लोकांना एकदा विचारून घ्या. पण मामांनी नेमकं काय केलं, ते कोणी सांगितलं नाही. ते मी सांगते. सिस्टरने गाडीबद्दल काय बोलावं, असं ज्यांना वाटत असेल त्यांनी वरच्या वस्तीची फेरी एकदा करून यावं.

बारा वर्षांपूर्वी वरच्या वस्तीची फेरी माझ्याकडे आली. अंथरुणाला खिळलेले चाळीस पेशंट, सतरा वळणं, आणि ती पांढरी छोटी गाडी. गाडी कसली, हट्टी म्हातारी होती ती. स्टिअरिंग वळवावं, तर चाकं वळायची आणि नाक मात्र सरळ बाहेरच्या कठड्याकडे जायचं. माझ्याआधीच्या दोन सिस्टर गटारात जाऊन आल्या होत्या. त्या वेळच्या वाहनप्रमुखांनी, ते आज इथे नाहीत, स्पष्ट सांगितलं की नवीन गाडी मिळणार नाही, आणि तिसरी गटारात गेली की फेरी बंद. "बायकांना वळणं जमत नाहीत," असंही म्हणाले. माझ्या तोंडावर म्हणाले. मी फेरीची फाइल त्यांच्या टेबलावर जरा जोरातच ठेवली आणि तडक कार्यशाळेत गेले.

मामा गाडीखाली होते. मी त्यांच्या पायांशी उभी राहून पाच मिनिटं तणतणले. त्यांनी ऐकून घेतलं, बाहेर आले, हात पुसले आणि म्हणाले, "सिस्टर, या गाडीला इंजिनची ताकद पुढच्या चाकांवर आहे. ओढायचं त्यांनी, वळायचं त्यांनी, ब्रेकचा मोठा भार त्यांच्यावर, आणि इंजिनचं वजनही त्यांच्याच डोक्यावर. मागची दोन नुसती पाहुण्यासारखी येतात. तुमच्या घरी कसं असतं?"

मी म्हटलं, "अगदी असंच असतं."

"मग झालं तर. मागच्यांना थोडं कामाला लावू या."

आता पैशाचं बघा. त्या गाडीसाठी वर्षाला मंजूर रक्कम केवढी, तर दोन टायर येतील एवढी. बाजारात याच गाडीला चिकटवायला हजार गोष्टी मिळतात. मामांनी पहिल्या दिवशी काय केलं असेल? टपावरचा कॅरिअर काढला. वर बांधलेल्या चाकांच्या खुर्च्या आणि वॉकर खाली, मागच्या सीटवर आडव्या ठेवल्या. खर्च शून्य. मला म्हणाले, "आता खालच्या वळणावरून एक चक्कर मारून आणा. रोजच्याच वेगाने. आणि आल्यावर काय वाटलं ते सांगा."

मी आले आणि म्हटलं, "बरी वाटली."

"बरी म्हणजे? पेशंट ताप उतरल्यावर बरं म्हणतो तसं, की तुम्ही जावं म्हणून म्हणतो तसं?"

मी निमूटपणे परत गेले, पुन्हा वळण घेतलं आणि या खेपेला नीट लक्ष देऊन आले. गाडी कमी कलत होती. मामांनी खडू घेतला आणि कार्यशाळेच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहिलं: तारीख, कॅरिअर काढला, सिस्टर म्हणतात कलणं कमी. बस्स. त्या दिवशी दुसरं काही करायला तयार नाहीत. मी म्हटलं, मामा, अजून उजेड आहे, चाकांची तपासणीही करून टाका की. तर म्हणाले, "दोन गोष्टी एकदम केल्या तर गुण कशाचा आला आणि दोष कशाचा, कळणार कसं? एकेक."

म्हणून तर ड्रायव्हर मंडळी त्यांना पाठीमागे एकेकमामा म्हणतात. मामा, तुम्हाला हे ठाऊक नव्हतं असं तोंड करू नका.

पुढच्या आठवड्यात त्यांनी गाडीच्या दोन्ही बाजूंना दोऱ्या ताणल्या आणि साध्या पट्टीने मोजून चाकं सरळ केली. मशीनवर नेलं असतं तर पैसे पडले असते. मग पुढच्या जोडांमधली झिजलेली रबरं बदलली. मग टायर. सगळं बजेट त्या दोन टायरांत गेलं, आणि मामांनी ते नवेकोरे टायर लावले कुठे, तर मागे. अख्खी कार्यशाळा हसली. काम पुढची चाकं करतात आणि नवे बूट मागच्यांना? मामा म्हणाले, "पुढचं घसरलं तर हाताला कळतं. मागचं घसरलं तर कळेपर्यंत होऊन गेलेलं असतं." शेवटी भंगारातल्या तसल्याच एका गाडीची आडवी दांडी मिळवून त्यांनी ती मागच्या चाकांच्या मध्ये बसवली. त्या दांडीमुळे गाडी वळणावर झुकत नाही आणि मागची बाजूही वळायला मदत करते. प्रत्येक बदलानंतर तेच वळण, तोच वेग, आणि दारावर खडूची एक ओळ. मला लाज वाटते सांगायला, पण पेशंटला इतके नेमके प्रश्न मी नोकरीत पहिल्यांदा विचारायला शिकले ते त्या दाराशी.

आणि गाडी? काय सांगू तुम्हाला. सतरा वळणांच्या रस्त्यावर मी गुणगुणायला लागले होते. आणखी थोडा गुण यावा म्हणून मामांनी मागच्या चाकांतली हवा तीसवरून बत्तीस केली. नाक आणखी चटकन वळायला लागलं. "आठ दिवस असंच चालवा," मामा म्हणाले, "मग बघू."

मामा, हात हलवू नका. आज माइक माझ्याकडे आहे.

मॅडम, पुढचं मला सांगायचं आहे म्हणून मी आज उभी आहे. मी आठ दिवस थांबले नाही. चौथ्या दिवशी सकाळी पेट्रोल भरताना मी पंपावरच्या माणसाला म्हटलं, मागे चाळीस भरा. तो म्हणाला, "ताई, जास्त होईल." मी म्हटलं, मला माहीत आहे. का? तर दोनने एवढा फरक पडतो, मग दहाने किती पडेल. मी, जिने तीस वर्षांत एका थेंबाने कोणाचा डोस वाढवला नाही, त्या मी हवेचा डोस पाचपट केला, आणि वर स्वतःवर खूश होते.

रस्ता ओला होता. खालच्या वळणावर समोर हातगाडी आली. मी घाबरून ॲक्सिलरेटरवरचा पाय एकदम काढला. पुढे वजन आलं, मागचं हलकं झालं, आणि दगडासारखी कडक झालेली मागची चाकं जागा सोडून निघाली. कळेपर्यंत गाडी उलट्या तोंडाने कठड्याला टेकलेली होती. माझं मनगट मोडलं. हातगाडीवाल्याला खरचटलंही नाही, देवाची कृपा. गाडी दीड महिना उभी राहिली आणि दीड महिना वरच्या वस्तीत कोणी गेलं नाही. त्या चाळीस माणसांना त्या काळात काय सोसावं लागलं, ते मी नंतर त्यांच्या घरोघरी जाऊन पाहिलं आहे. त्याबद्दल मी इथे बोलणार नाही.

चौकशी झाली. तीन साहेब, एक टेबल, समोर मी आणि मामा. विचारलं, मागच्या चाकांत एवढी हवा भरली कोणी? मी माझ्या प्लास्टरकडे बघत बसले. माझ्यावर दया करू नका, मला बोलायला वेळ मिळाला होता, चांगला मिळाला होता. मी मूग गिळून गप्प बसले. आणि मामा म्हणाले, "हवा बघणं कार्यशाळेचं काम. माझ्याकडून राहिलं."

ज्याच्या दारावर खडूने बत्तीस लिहिलेलं आहे, तो माणूस हे म्हणाला. अहवालात लिहिलं गेलं, कार्यशाळेचा निष्काळजीपणा, आणि तोच शेरा मामांच्या नोकरीच्या कागदावर चढला. त्या वर्षी मामा कार्यशाळेचे मुख्य होणार होते. झाले नाहीत, त्यानंतर कधीच झाले नाहीत. आज त्यांच्या निरोपाच्या पत्रिकेवर साधं "मिस्त्री" असं छापलेलं आहे, ते कशामुळे, हे कोणी विचारलं नसेल.

बाहेर आल्यावर मी विचारलं, का बोललात असं? तर म्हणाले, "तुम्हाला घरी बसवलं तर वर कोण जाणार? नावं सांगा बरं." मग म्हणाले, "आणि बत्तीस करा म्हटलं मी, पण बत्तीसच का, ते सांगितलं नाही. अर्धं सांगणं हीसुद्धा चूकच." त्यानंतर गाडी दुरुस्त केली, शेजारी बसून मला शिकवलं. ब्रेक वळणाच्या आधी लावून मोकळं व्हायचं, वळणात पाय हलका पण स्थिर, भीती वाटली तरी एकदम सोडायचा नाही. दुरुस्तीच्या या सगळ्यात स्वस्त भागाला त्यांनी सगळ्यात जास्त दिवस दिले. त्या गाडीने पुढे नऊ वर्षं फेरी केली. त्यानंतर फेरी कधी बंद पडली नाही.

मी हे अकरा वर्षं कोणाला सांगितलं नाही. मामांनीही नाही, घरीसुद्धा नाही. हे मला कसं कळलं? दोन वर्षांपूर्वी मामींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा पट्टी बदलायला मी जात होते. एकदा चहा देताना मामी म्हणाल्या, "सिस्टर, इतका जपून काम करणारा माणूस, तेवढ्या एका दिवशी हवा बघायला कसा विसरला, कोण जाणे. मी त्यांना बोलून बोलून दमले." मी तो चहा प्यायले. पूर्ण प्यायले, कप धुऊन ठेवला आणि घरी गेले. त्या दिवसाइतकी मला माझी कधी किळस आली नाही.

काल मी सगळं लिहून डॉक्टर मॅडमकडे दिलं. मॅडमनी दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, "शेरा मी बदलते. पण ज्यांच्यासमोर त्यांचं नाव गेलं, त्यांच्यासमोर तुम्ही हे बोला." माझं जे काय व्हायचं ते नियमाने होईल, व्हावं. मामांच्या नोकरीच्या कागदावरची ती ओळ मात्र आज दुपारी खोडली गेली आहे. आजच्या तारखेने, सहीशिक्क्यासह.

मामी, ते विसरले नव्हते. हवा मी भरली होती. तुम्ही अकरा वर्षं त्यांना जे बोललात, ते सगळं माझं होतं.

अध्यक्ष मॅडमनी मला बोलू दिलं, साहेबांनी मध्ये थांबवलं नाही, आपण सगळ्यांनी चहा निवत असूनही ऐकून घेतलं, त्याबद्दल मी आपली आभारी आहे. माझ्या बोलण्यात कुठे शब्द कमीजास्त झाला असेल तर सभागृहाने तो पोटात घालावा. बाकीची माफी मी सभागृहाकडे मागत नाही. मामी, तुमच्या शेजारची खुर्ची रिकामी आहे. मी तिथे येऊन बसू का?